धोकादायक इमारतीचा वाद: स्वतंत्र तज्ज्ञ निवडताना नाव सगळ्यात शेवटी

एकाच इमारतीचे दोन अहवाल आणि दोन निष्कर्ष. मालकाचा इंजिनिअर लिहितो, इमारत ‘सी-१’, राहण्यास अयोग्य, पाडा. भाडेकरूंचा इंजिनिअर त्याच इमारतीला ‘सी-२-बी’ ठरवतो, म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती होईल. दोन्ही अहवाल फायलीत लागतात, सुनावणीची तारीख पडते आणि मग कुणीतरी म्हणतं, “तिसरा माणूस बोलवा की ओ, जो दोघांचाही नाही.”

बोलणं बरोबर आहे. पण अमलात आणताना हमखास उलटं होतं. आधी नाव ठरतं, मग त्या नावाला शोभेल असा प्रश्न आणि शेवटी कागद. अशा तज्ज्ञाचा अहवाल दुसऱ्या बाजूचा वकील पहिल्याच तारखेला उडवतो. या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम वेगळा आहे. पाचव्या पायरीपर्यंत कुणाचंही नाव काढायचं नाही.

आधी हे करा: स्लॅबला झोळ आला असेल, तुळई खाली बसली असेल, भिंतीला पोट सुटलं असेल, तर तज्ज्ञ ठरेपर्यंत वाट बघू नका. त्या खोलीतली माणसं हलवा आणि टेकू लावा. टेकू लावला म्हणून मालकाचं म्हणणं मान्य केलं असं होत नाही. तशी शंका असेल तर दोन ओळींचं पत्र देऊन ठेवा.

## १. नोटीस कोणत्या कलमाची आहे ते बघा

‘पालिकेची नोटीस आली’ एवढ्यावर लोक तज्ज्ञ शोधायला निघतात. पण कलम बदललं की ऐकणारा अधिकारी बदलतो, मुदत बदलते आणि लागणारा तज्ज्ञही बदलतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधलं कलम २६४ मोडकळीला आलेल्या, पडण्याच्या बेतात असलेल्या बांधकामांसाठी आहे. त्याखाली आयुक्त इमारत पाडायला, आधार द्यायला किंवा दुरुस्त करायला सांगू शकतात. कलम २६५-अ तीस वर्षांहून जुन्या इमारतींसाठी आहे. त्यात महापालिकेकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घेणं मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. कलम २६० विनापरवाना किंवा नियमबाह्य बांधकामाचं. तिथे वाद भिंतीच्या ताकदीचा नसून परवानगीचा असतो.

बांधकाम परवानगी नाकारली असेल, किंवा जाचक अटी घालून दिली असेल, तर रस्ता वेगळा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ खालच्या आदेशावर कलम ४७ प्रमाणे राज्य शासनाकडे अपील करता येतं. मुदत आदेश कळवल्यापासून ४० दिवस. हे अपील शासन किंवा शासनाने नेमलेला, उपसचिव दर्जापेक्षा कमी नसलेला अधिकारी ऐकतो. तिथे तुमचा माणूस संरचना अभियंता नव्हे. एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, २०२० ज्याच्या हातात रोज असते असा वास्तुविशारद आणि गरज पडली तर मोजणीदार, अशी जोडी तिथे लागते. रस्त्याची रुंदी नकाशात एक आणि जागेवर दुसरी असेल, तर कितीही मोठा स्ट्रक्चरल कन्सल्टंट आणा, उपयोग शून्य.

अनधिकृत म्हणून पाडण्याच्या नोटिसा आल्या असतील, तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ नोव्हेंबर २०२४ चा निकाल वकिलाला दाखवा. कारणे दाखवा नोटिशीला किमान १५ दिवस किंवा स्थानिक कायद्यातली मुदत, यांपैकी जे नंतरचं ते, शिवाय व्यक्तिगत सुनावणी आणि कारणांसह आदेश. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगत, नदी वा पाणवठ्यावरचं बांधकाम आणि न्यायालयानेच पाडायला सांगितलेलं बांधकाम यांना हे संरक्षण नाही.

इथून पुढचा लेख मुख्यतः कलम २६४ च्या वादाबद्दल आहे. सोलापूरच्या जुन्या पेठांतून सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच दिसतो.

सावध: तुम्ही निवडलेल्या तज्ज्ञाला निकाल देण्याचा अधिकार नाही. निर्णय आयुक्तांचा किंवा अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा. तज्ज्ञाचं मत म्हणजे त्याच्यापुढे ठेवायचा कागद. मुंबईत उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशानंतर परस्परविरोधी अहवाल तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात. राज्य शासनाच्या ५ नोव्हेंबर २०१५ च्या निर्णयाने धोकादायक इमारतींचे चार वर्ग घातले: सी-१, सी-२-ए (रिकामी करून दुरुस्ती), सी-२-बी आणि सी-३ (किरकोळ दुरुस्ती). म्हणून तुमच्या उत्तरात दोन मागण्या लेखी असू द्या: विरोधी अहवाल तांत्रिक समितीपुढे ठेवावेत, आणि उभय पक्षांनी मिळून सुचवलेल्या तज्ज्ञांची पाहणी ग्राह्य धरावी. तोंडी मागणी फायलीत दिसत नाही.

सावध: तज्ज्ञ शोधताना नोटिशीची मुदत थांबत नाही. तुमचं उत्तर मुदतीतच आवक करा, त्यात ‘संयुक्त तज्ज्ञ पाहणी प्रस्तावित आहे, मुदत मिळावी’ असं लिहा आणि पोच घ्या.

## २. कागदांचा एकच गठ्ठा करा

दोन अहवाल एकमेकांशी भांडतात याचं निम्मं कारण कागदात असतं. एकाने तळमजला अधिक एक धरलेला, दुसऱ्याने वरच्या पत्र्याच्या खोल्याही मोजलेल्या. एकाला बांधकामाचं वर्ष मालकाने तोंडी सांगितलेलं, दुसऱ्याने कराच्या उताऱ्यावरून काढलेलं.

गठ्ठ्यात हवं: मंजूर नकाशा आणि असल्यास भोगवटा प्रमाणपत्र, नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका, मालमत्ता कराचा जुना आणि चालू उतारा, आजवरच्या दुरुस्तीची बिलं, दोन्ही अहवाल जोडपत्रांसह, नोटिसा आणि तारीख असलेले फोटो. नकाशा मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून हा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. कितीतरी जुन्या वाड्यांचा नकाशा कुठेच निघत नाही. तेव्हा जागेवर मोजमाप घेऊन नवा नकाशा काढायचा आणि त्यावर मालक, भाडेकरू दोघांच्या सह्या घ्यायच्या.

तपासा: दोन्ही बाजूंनी गठ्ठ्याच्या प्रत्येक पानावर क्रमांक टाकून सही केली का? नंतर ‘हा कागद आम्हाला दाखवलाच नाही’ हे रडगाणं इथेच संपतं.

## ३. प्रश्न लिहा

‘इमारत धोकादायक आहे का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला ‘हो’ म्हणणं कुणालाही सोपं आहे. सत्तर वर्षांच्या कुठल्याही घरात काहीतरी धोकादायक सापडतंच. प्रश्न असे हवेत:

- कोणता भाग, कोणत्या मजल्यावर, कशामुळे कमकुवत झाला आहे?
- तो भाग दुरुस्त होण्यासारखा आहे का, आणि दुरुस्ती चालू असताना आत राहता येईल का?
- दुरुस्तीनंतर इमारत साधारण किती काळ टिकेल, आणि तो अंदाज कशावरून काढला?
- आधीच्या दोन अहवालांत नेमका कुठे फरक आहे, आणि तो निरीक्षणाचा, चाचणीचा की मताचा?
- चार वर्गांपैकी कोणता वर्ग, आणि शेजारचा वर्ग का नाही?

शेवटचा प्रश्न माझ्या आवडीचा. ‘सी-१ का’ याचं उत्तर सगळे देतात. ‘सी-२-ए का नाही’ याचं उत्तर द्यायला पोटमाळ्यापर्यंत चढून बघावं लागतं.

मालकीचा, भाड्याचा, पुनर्विकासात किती चौरस फूट मिळणार याचा प्रश्न या यादीत घालू नका. घातलात की इंजिनिअरचा वकील होतो.

## ४. इमारत कशाची आहे? त्यावरून तज्ज्ञ

सगळ्यात जास्त चुका या पायरीत होतात, म्हणून इथे थोडं थांबू या.

सोलापूरच्या जुन्या पेठांत एकाच बोळात तीन प्रकारची घरं भेटतात. पहिलं माळवदाचं: दगडी किंवा विटांच्या मातीत बांधलेल्या भिंती, वर तुळया, त्यावर फळ्या आणि मातीचा थर. दुसरं, सत्तर-ऐंशीच्या दशकातलं आरसीसी. तिसरा प्रकार म्हणजे खाली भारवाही भिंती आणि वर नंतर चढवलेला स्लॅबचा मजला. अवघड प्रकार हा तिसराच.

माळवदाच्या घरात रिबाउंड हॅमर घेऊन आलेला माणूस दिसला की समजावं, तज्ज्ञ चुकला. तो हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतो. दगड-मातीच्या भिंतीवर त्याचा आकडा निरर्थक. ध्वनिलहरींची यूपीव्ही चाचणीही काँक्रीटचीच. तरी अहवाल जाड दिसावा म्हणून असे तक्ते जोडलेले असतात.

अशा घरात बघायचं ते वेगळंच. तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे पोकळी करून लाकूड टोचून बघितलं का? मधून ठणठणीत दिसणारी सागाची तुळई टोकाला पाण्याने भुसभुशीत झालेली असते आणि सगळा भार त्या वीतभर टोकावर. माळवदावर मातीचा थर किती जाड आहे? गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी नवी माती टाकत गेलं की वजन वाढत जातं. ते वजन कुणी मोजलं का, की अंदाजाने धरलं? भिंत दोन पदरी आहे का, आणि दोन पदर बांधणारे आरपार जोडदगड आहेत का? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडी भिंती आणि वरचा मातीचा भार यांनीच माणसं गाडली. सोलापूर भारतीय मानकाच्या यादीत भूकंपप्रवण क्षेत्र ३ मध्ये धरलेलं आहे, त्यामुळे तज्ज्ञाला फक्त उभ्या भाराचं गणित येऊन भागत नाही. विटा-दगडाच्या बांधकामासाठी आयएस १३९३५ आणि आरसीसी इमारतींसाठी आयएस १५९८८ ही मानकं आहेत. यांतलं कोणतं वापरणार, हा मुलाखतीतला पहिला प्रश्न.

दुसरी गोष्ट काळ्या मातीची. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीच्या भेगा त्याप्रमाणे मिटतात, उघडतात. मे महिन्यात एकदाच येऊन गेलेल्या माणसाला ती भेग भयंकर वाटते, ऑगस्टमध्ये आलेल्याला किरकोळ. यावर जुना, स्वस्त उपाय आहे: भेगेवर आडवी काचपट्टी प्लॅस्टरने चिकटवायची आणि शेजारी तारीख लिहायची. काच तडकली तर भेग चालू आहे. आधीच्या दोन्ही अहवालांत काचपट्टीचा उल्लेख नसेल, तर दोघांनीही भेगेचा फक्त फोटो काढला आहे. वेळ असेल तर तज्ज्ञ ठरण्याची वाट न पाहता दोन्ही बाजूंसमोर आजच पट्ट्या लावून घ्या. तज्ज्ञ येईल तेव्हा त्याच्या हातात काही आठवड्यांची नोंद असेल.

मग माणसं किती? मोठ्या वादात तीन. एक संरचना अभियंता. दुसरा, साहित्य-चाचण्यांचा अनुभव असलेला. तिसरा, त्या प्रकारच्या बांधकामात हात घातलेला: माळवद असेल तर जुन्या इमारतींच्या जतनाचं काम केलेला वास्तुविशारद, पायाचा वाद असेल तर मृदातज्ज्ञ. चार-सहा खोल्यांच्या घराला एकच पुरे. तिघांची फी परवडेल म्हणून तिघं नेमू नका. दोन मात्र कधीच नेमू नका, कारण दोघांचं पटलं नाही की तुम्ही पुन्हा सुरुवातीला.

## ५. यादी कशी करायची

आता नावं. पण एक नाव नव्हे, सहा ते आठ नावांची यादी.

कुठून आणायची? महापालिकेकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्यांची यादी, वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी किंवा शासकीय तंत्रनिकेतन यांसारख्या संस्थांतले स्थापत्य विभागाचे प्राध्यापक, सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले अभियंते आणि बाहेरगावचे. बाहेरगावची किमान निम्मी नावं ठेवा: पुणे, सांगली, कोल्हापूर, लातूर. संस्थेकडे पत्र द्यायचं असेल तर ते विभागप्रमुखांच्या नावे द्या. ओळखीच्या सरांना फोन करून ‘तुम्हीच या’ म्हणालात, तर तो स्वतंत्र तज्ज्ञ राहिला नाही, तुमचा पाहुणा झाला.

नोंदणी तपासा. ‘वास्तुविशारद’ म्हणवून घ्यायला वास्तुविशारद अधिनियम, १९७२ खालची नोंदणी लागते आणि ती वास्तुकला परिषदेच्या नोंदवहीत बघता येते. इंजिनिअरांसाठी देशपातळीवर तसा कायदा नाही, म्हणून त्यांची पदवी, महापालिकेची नोंदणी आणि मागच्या कामांची यादी मागा. मागायला लाजू नका. चांगला माणूस ती हसत देतो.

नाव निवडायची पद्धत अशी: दोन्ही बाजूंनी चार-चार नावं लिफाफ्यात द्यायची. लिफाफे एकाच वेळी उघडायचे. प्रत्येक बाजूला समोरच्याची दोन नावं कारण न देता खोडता येतात, त्याहून जास्त खोडायची असतील तर कारण लिहून. उरलेल्यांची आधी सहाव्या पायरीतली तपासणी, मग त्यांतून चिठ्ठी. चिठ्ठी म्हटलं की काही जणांना पोरखेळ वाटतो. पण ‘तुम्ही एक द्या, आम्ही एक देतो, ते दोघं मिळून तिसरा ठरवतील’ या नेहमीच्या पद्धतीत पहिले दोघं आपापल्या बाजूचे वकील होतात आणि सगळा भार तिसऱ्यावर पडतो. त्यापेक्षा चिठ्ठी बरी.

प्रकरण दिवाणी न्यायालयात आधीच चालू असेल तर हे स्वतः करू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर २६, नियम ९ खाली स्थानिक पाहणीसाठी आणि नियम १०-अ खाली शास्त्रीय तपासणीसाठी न्यायालय आपला आयुक्त (पालिकेचा नव्हे) नेमू शकतं. तुमची यादी तिथे अर्जासोबत द्या.

## ६. हितसंबंध: ‘ओळख नाही’ एवढं पुरत नाही

सोलापूर काही लहान नाही, पण बांधकामाच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. ओळख हा दोष नाही. लपवलेली ओळख दोष आहे. म्हणून प्रत्येकाकडून नेमणुकीपूर्वी लेखी घोषणापत्र घ्या. मसुदा असा:

“मी किंवा माझ्या कार्यालयाने या मिळकतीचे मालक, भाडेकरू, गृहनिर्माण संस्था, प्रस्तावित विकासक किंवा आधीचे अहवाल देणारे अभियंते यांच्यासाठी गेल्या तीन वर्षांत केलेली कामे खाली नमूद केली आहेत / केलेली नाहीत. यांपैकी कोणाशीही माझे नाते किंवा भागीदारी नाही. या मिळकतीच्या दुरुस्ती, पाडकाम किंवा पुनर्विकासाचे कोणतेही काम मी वा माझे कार्यालय पुढील तीन वर्षे घेणार नाही.”

तीन वर्षं हा आकडा कायद्यातला नाही, माझा आहे. दोन्ही बाजू राजी असतील तर पाच करा.

घोषणापत्रातलं शेवटचं वाक्य कुणीही गाळू देऊ नका. दुरुस्ती सुचवणाऱ्यालाच पुढे दुरुस्तीचं काम मिळणार असेल, तर सी-२-बी हा त्याच्या फायद्याचा वर्ग. नव्या इमारतीचं डिझाइन मिळणार असेल तर सी-१. दोन्हीकडे प्रामाणिक माणूसही नकळत झुकतो.

खालच्या माणसांचं नाव चिठ्ठीतून सरळ काढा:

- मूळ नोटीस किंवा मूळ परवानगी ज्याच्या सहीने निघाली तो, निवृत्त झालेला असला तरी.
- आधीचा अहवाल देणाऱ्याचा भागीदार, किंवा त्याच कार्यालयातून नुकताच बाहेर पडलेला.
- चाचणी प्रयोगशाळेचा मालक. तो चाचणी करो, मत देऊ नये.
- ‘आपलाच पावणा आहे, बिनपैशात लिहून देतो’ असा कोणीही. फुकटचा तज्ज्ञ सुनावणीत सगळ्यात महाग पडतो.

तपासा: घोषणापत्र दोन्ही बाजूंना दिलं का? हरकतीला सात दिवस ठेवा. त्या काळात हरकत आली नाही तर ‘हरकत नाही’ अशी नोंद करून सह्या घ्या. अहवाल विरोधात गेल्यावर नातं शोधून काढणाऱ्यांचा मार्ग तिथे बंद होतो.

## ७. फी आणि नेमणूकपत्र

फी निम्मी-निम्मी, आणि पूर्ण रक्कम पाहणीपूर्वी जमा. निकाल काहीही लागो, फी तीच. रक्कम दोन्ही बाजूंच्या वकिलांनी किंवा संस्थेने संयुक्तपणे द्यावी आणि पावती दोघांच्या नावे घ्यावी. एका बाजूने सगळी फी भरली तर कागदावर तज्ज्ञ त्या बाजूचाच झाला, मग तो कितीही सरळ असो. भाडेकरूंना निम्मा वाटा जड जात असेल, तर मालकाने जास्त द्यायला हरकत नाही. मात्र तसं नेमणूकपत्रातच स्पष्ट लिहावं.

प्रयोगशाळेचा खर्च वेगळा धरा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी आणि तुम्हाला हवी ती चाचणी तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत असावी. नुसता लोगो बघून समाधान मानू नका. मान्यता सिमेंट-खडीच्या चाचणीची आणि काम यूपीव्हीचं, असंही असतं.

नेमणूकपत्रात तिसऱ्या पायरीतले प्रश्न जसेच्या तसे, पाहणीची तारीख, अहवालाची तारीख, मतभेद झाल्यास वेगळं मत जोडण्याची मुभा आणि ‘कोणत्याही बाजूशी एकट्याने संपर्क नाही’ ही अट. एक पान पुरतं.

## ८. पाहणीचा दिवस

दोन्ही बाजूंचा एकेक प्रतिनिधी आणि दोघांचे आधीचे इंजिनिअर हजर हवेत. घरातल्या बारा जणांनी मागे फिरू नये. चहा सगळ्यांनी मिळून किंवा कुणीच नाही. हसू नका, ‘मालकाच्या घरात बसून जेवले’ एवढ्या एका वाक्यावर सुनावणीचा अर्धा तास गेलेला मी पाहिला आहे.

प्रत्येक खोली उघडा. कुलूप असलेली खोली ‘न पाहिलेली’ म्हणून अहवालात यायला हवी. बहुतेक वाद अशाच खोल्यांत, संडास-मोरीच्या खालच्या स्लॅबमध्ये आणि पाण्याच्या टाकीखाली दडलेले असतात.

आरसीसी असेल तर चाचण्यांच्या जागा तज्ज्ञाने त्या वेळी, सगळ्यांसमोर ठरवाव्यात. मालकाने दाखवलेला सडका कॉलम आणि भाडेकरूने दाखवलेला धडधाकट कॉलम, दोन्ही घ्यावेत, पण बाकीच्या जागा त्याच्या मनाने. आकडे वाचताना एवढं ध्यानात ठेवा:

रिबाउंड हॅमरवरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे धरावेच लागतात, आणि जुन्या, कार्बोनेट झालेल्या (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पृष्ठभाग कडक झालेल्या) काँक्रीटवर तो हातोडा खऱ्याहून जास्त आकडा दाखवतो. यूपीव्हीत सेकंदाला ३.५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग चांगला, ३ पेक्षा कमी संशयास्पद, असा आयएस १३३११ चा जुना ठोकताळा लोक अजून वापरतात. पण समोरासमोर घेतलेला आणि एकाच पृष्ठभागावरून घेतलेला वेग सारखा नसतो. दुसऱ्या पद्धतीत आकडा कमी येतो, आणि अहवालात पद्धत न लिहिता हाच कमी आकडा सी-१ साठी पुढे केला जातो. सळईच्या गंजासाठी हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे वाचन गेलं तर गंज चालू असण्याची शक्यता खूप. कोर (काँक्रीटमधून कापून काढलेले नळकांड्यासारखे नमुने) काढायचे तर तीनपेक्षा कमी नकोत. आयएस ४५६ प्रमाणे कोरांची सरासरी ताकद अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही कोर ७५ टक्क्यांच्या खाली नसावा.

कोर काढल्यावर तिथल्या तिथे क्रमांक, पिशवी, सील आणि दोन्ही बाजूंच्या सह्या. भोक लगेच बुजवून घ्या. हे काम उद्यावर गेलं की कायमचं राहतं.

सावध: त्याच संध्याकाळी तज्ज्ञाला एका बाजूने पाठवलेला ‘सर, एक फोटो राहिला होता’ असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सगळी मेहनत घालवतो. फोटो पाठवायचाच असेल तर दुसऱ्या बाजूलाही त्याच क्षणी.

## ९. म्हणणं ऐकणं आणि अहवाल

पाहणीनंतर एक बैठक. दोन्ही इंजिनिअरांना समान वेळ, आणि प्रश्न फक्त तज्ज्ञांचे. मालक-भाडेकरूंनी एकमेकांशी बोलायचं नाही, कारण बोलणं तुळईवरून सुरू होऊन तीन मिनिटांत थकलेल्या भाड्यावर पोचतं. बैठकीची टिपणं त्याच दिवशी सह्यांसह पूर्ण करा.

अहवाल आला की शेवटचं पान आधी उघडायचा मोह आवरा. आधी हे बघा: प्रत्येक प्रश्नाचं वेगळं उत्तर आहे का, ‘न पाहिलेल्या खोल्यां’ची यादी आहे का, प्रत्येक आकड्यासमोर जागा आणि पद्धत आहे का, तातडीचे टेकू कुठे लावायचे ते नकाशावर दाखवलं आहे का, तिघांच्या पानोपान सह्या आहेत का. मतभेद असेल तर तो जोडलेला हवा. तिघांत एक वेगळं मत असणं हा दोष नाही. उलट एकमताचा, पण कारणांशिवायचा अहवाल लवकर पडतो.

चूक सापडली तर फक्त वस्तुस्थितीची दुरुस्ती मागा, तीही लेखी आणि दोघांसमोर: मजला चुकला, मोजमाप चुकलं, नाव चुकलं. ‘निष्कर्ष बदला’ अशी विनंती करू नका.

## १०. दाखल करणं आणि त्यानंतर

अहवाल, नेमणूकपत्र, घोषणापत्रं, हरकत नसल्याची नोंद आणि पाहणीची टिपणं, सगळं एकत्र बांधून दाखल करा. नुसता अहवाल दिला तर तो तिसरा खासगी अहवाल ठरतो, आणि टेबलावर दोनाचे तीन होतात एवढंच. आवक क्रमांक घ्या. सुनावणीत तज्ज्ञांपैकी एकाने हजर राहावं, अशी अट नेमणूकपत्रात घातली असेल तर आता कामाला येते.

आदेश विरोधात गेला तर प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज करा. आदेश अहवालापेक्षा वेगळा असेल, तर का वेगळा याची कारणं आदेशात आहेत का ते वकिलाला शोधायला सांगा. पुढच्या कोर्टात पहिला प्रश्न तोच असतो. उच्च न्यायालयात जायचं झालं तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. वकील आणि प्रवासाचा हिशेब त्याप्रमाणे करा.

अहवाल सी-१ किंवा सी-२-ए आला आणि घर रिकामं करायची वेळ आली, तर भाडेकरूंनी खोली सोडण्याआधी आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप पालिकेकडून नोंदवून, त्याची प्रत घेऊनच बाहेर पडावं. मालकानेही ते अडवू नये. पाडून झाल्यावर कोणाची खोली किती होती हा वाद कुठलाच तज्ज्ञ मिटवू शकत नाही. उरलेले कोरचे तुकडे, काचपट्ट्यांच्या नोंदी आणि मूळ फोटो अपिलाची शेवटची मुदत संपेपर्यंत सीलबंद ठेवा, आणि ते कोणाकडे आहेत हे दोघांच्या सहीने लिहून ठेवा.